सावली वाटेत आहे

आधी माफी मागतो. मी काही लेखक नाही. आमच्या घराण्यात आजवर झालेलं सर्वांत मोठं लिखाण म्हणजे साखर कारखान्याच्या सभासदत्वाचा अर्ज, आणि तोसुद्धा दुसऱ्याने भरून दिला होता. आमच्या आजोबांनी खाली अंगठा तेवढा दिला. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. एवढ्या भांडवलावर लिहायला बसणं म्हणजे आगाऊपणाच आहे. पण या गोष्टीत सगळी चूक माझी असल्यामुळे ती दुसऱ्या कुणाला लिहायला सांगणंही बरं दिसत नाही.

तर गोष्ट एवढीच, की दारात बारा महिने हिरवी सावली राहावी म्हणून मी दारातलं सावलीचं झाड तोडायला लावलं.

(हे वाक्य मी तीनदा वाचून पाहिलं. वाक्यात काहीच चुकलेलं नाही. चुकलो ते मी.)

आमचं घर लासुर्ण्यात. दारात कडुलिंब होता, आबांनी लावलेला. आबा म्हणजे माझे आजोबा. त्यांच्या तरुणपणी आमच्याकडे मेंढरं होती. फिरून परत आलं की कळप या लिंबाखाली बसायचा. पुढे मेंढरं गेली, ऊस आला. पत्रा गेला, स्लॅब आला. लिंब तेवढा राहिला, आणि लिंबाखाली बाज टाकून आबा.

आता लिंब म्हटला की पानगळ आलीच. शिमग्याच्या आगेमागे तो अंगण पिवळं करून टाकायचा. मग फुलोरा, मग लिंबोळ्या. हे सगळं आई झाडायची. त्यात तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं नाही. लिंबाला हे कुणी सांगितलं नाही. तो पानं टाकतच राहिला.

एके दिवशी भाकरी थापता थापता आई म्हणाली, "पानं न पडणारं एखादं झाड असतं का रं अंकुश, तुमच्या पुस्तकात?"

मी बीएच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात मला कुणी पुस्तकातलं काही विचारावं, अशी ती पहिलीच वेळ! आणि योगायोग बघा, त्याच आठवड्यात भूगोलाच्या तासाला सदाहरित वनं झाली होती. वर्षभर हिरवी, असं सर म्हणाले होते. मी मनातल्या मनात पुढचं पाऊल टाकलं: वर्षभर हिरवी, म्हणजे पान गळतच नाही. (वर्गात हात वर करून विचारावंसं वाटलं होतं. पण त्याआधी एकदा मी हात वर केला, तेव्हा सर म्हणाले होते, "बाहेर जायचंय? जा." आणि मी गेलो होतो.)

"असतं की!" मी म्हणालो. "सदाहरित म्हणतात त्याला. फॉरेनची झाडं."

"आपल्या हितं येत्यात का?" तात्यांनी विचारलं. तात्या म्हणजे माझे वडील. उसाशिवाय दुसऱ्या कुठल्याही वनस्पतीवर त्यांचा विश्वास नाही.

"बारामतीला नर्सऱ्या भरल्यात, तात्या."

बाहेर बाजेवरून आबांचा आवाज आला, "पान गळत न्हाय, तर ते झाड जित्तं हाय का प्लॅस्टिकचं?"

सगळे हसले. मीही हसलो. मी तेवढं हसायला नको होतं.

तात्या आणि मी बारामतीच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीत गेलो. मालकाने कपाळावर गॉगल चढवला होता.

"काय दाखवू?"

"सदाहरित," मी म्हणालो. "विदेशी."

"बंगला हाय का?"

"स्लॅब हाय," तात्या म्हणाले.

"मग सिल्व्हर ओक घ्या, ऑस्ट्रेलियाचं. बॉटलब्रश घ्या, तेबी तिकडचंच. हे फायकस. हा थुजा, सायबलोक नेत्यात. आन् कुंपणाला कोनोकार्पस. बारा महिने हिरवं, लिहून देतो!"

"द्या लिहून," तात्या म्हणाले.

"लिहून कशाला?" मी ऐटीत म्हणालो. "मला माहितंय."

इथे एकच प्रश्न विचारायचा होता: पानं पडतात का? मी विचारला नाही. कॉलेजात जाणाऱ्याने नर्सरीवाल्याला विचारायचं म्हणजे कमीपणा! (वर्गात सरांना विचारायची भीती आणि बाहेर दुकानदाराला विचारायची लाज, या दोन्हींच्या मध्ये जे उरतं ते माझं शिक्षण.)

प्रश्न त्यानेच विचारला. "वर दुसरं मोठं झाड न्हाय ना? ह्यांना ऊन लागतं."

 परतताना इंदापूरच्या बाजूला वळलो तेव्हा तात्या एवढंच म्हणाले, "आबाला कोण सांगणार?"

कुणीच सांगितलं नाही. आबांना म्हातारपणाचा पगार मिळतो. त्यासाठी आपण जिवंत आहोत असा दाखला आणायला इंदापूरला जावं लागतं. ते सकाळच्या एसटीने गेले, आणि इकडे आम्ही मशीनवाला बोलावला.

आई उंबऱ्यात उभी होती. "मी पानं पडू नयेत म्हणलं हुतं," ती म्हणाली. "झाड पाडा म्हणलं न्हवतं."

"आई, हे तुझ्या मणक्यासाठीच चाललंय," मी म्हणालो. ती आत गेली.

चारच्या गाडीने आबा आले. लिंबाच्या जागी गुडघ्याएवढा बुंधा होता आणि त्याच्याभोवती काळ्या पिशव्यांतली परदेशी झाडं पाहुण्यांसारखी उभी होती. आबांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत दाखला होता. त्यांनी बुंध्यावर हात ठेवला.

मग म्हणाले, "मी जित्ता हाय म्हणून मला कागद दिला सायबानं. ह्याचा कुठं मिळंल?"

आबांनी बाज ओढत भिंतीकडे नेली. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. भांडण नाही, काही नाही. जेवताना मीठ माझ्यापुढे असलं तरी ते तात्यांना म्हणायचे, "मीठ दे." तात्या मला म्हणायचे, "दे." मी द्यायचो. अशा रीतीने आमच्या घरात मिठाला पहिल्यांदाच मध्यस्थ लागला.

हॉस्टेलला निघताना तात्यांनी माझ्या हातात जळक्या ऑइलचा डबा दिला. "बुंध्यावर वत. परत फुटायचा न्हाय." माझी एसटी निघायला आली होती. पुढच्या खेपेला बघू, असं म्हणून मी डबा गोठ्यात ठेवला आणि पळालो. बुंध्याचा उपयोग मग शेळी बांधायला झाला.

आठ दिवसांत आईचा फोन. "अंकुश, त्या फायकसनं समदी पानं टाकली. त्याला काय हुतंय?"

"जागा नवीन आहे ना आई. रुळेल."

"व्हय. माझंबी सासरी आल्यावर असंच झालं हुतं," आई म्हणाली, आणि झाडायला गेली.

तात्यांनी बाग मनावर घेतली. म्हणजे तिला ऊस समजले. पाट सोडून पाणी तुंबवलं, वर युरिया फेकला. "उसाला मानवतं ते समद्याला मानवतं!" थुजाला नाही मानवलं, तो खालून तांबडा पडत वर निघाला. बाकीच्यांना मात्र भलतंच मानवलं. दीड वर्षात सिल्व्हर ओक स्लॅबच्या वर गेला, कोनोकार्पसची भिंत झाली. लोक येऊन बघायचे. तात्या सांगायचे, "पोराची निवड हाय." माझी छाती फुगायची.

आई मात्र फोनवर झाडांचं काही बोलेना. पुढच्या दिवाळीत मी न कळवता सकाळच्या गाडीने घरी गेलो, तेव्हा कारण दिसलं. तिने खराट्याला एक लांब बांबू बांधला होता, न वाकता झाडता यावं म्हणून. अंगणात सिल्व्हर ओकची नक्षीदार पानं, बॉटलब्रशचे लाल दोरे, कोनोकार्पसचा बारीक पाला. लिंब निदान मोसम धरून पडायचा. ही मंडळी रोज थोडी थोडी पडत होती. बारा महिने! रविवारची सुट्टीसुद्धा नाही!

"आई, रोज झाडतेस?"

"रोज कुठं," आई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ."

माझा चेहरा बघून तिलाच वाईट वाटलं. माझी समजूत काढावी म्हणून म्हणाली, "पर ह्या थुजाचं एक पान पडत न्हाय बघ."

मी बघितलं. थुजा पानांनी गच्च भरलेला होता. डोक्यापासून पायापर्यंत तांबडा. मरून चार महिने झाले होते. आईच्या अटीत बसणारं सगळ्या बागेत ते एकच झाड निघालं.

आणि सावली? सिल्व्हर ओकची सावली चाळणीतून सांडल्यासारखी. कोनोकार्पसची दाट पडायची, पण रस्त्यावर. तिथे शेजाऱ्यांची म्हैस बसायची. आबा बाज घेऊन घराभोवती फिरायचे. सकाळी एका भिंतीला, दुपारनंतर दुसऱ्या. सूर्य डोक्यावर आला की कुठेच नाही. फिरताना बुंध्याकडे पाठ करायचे. मार्चमध्ये त्यांनी बाजेचाही नाद सोडला. घोंगडं खांद्यावर टाकलं आणि फाट्यावरच्या एसटीच्या शेडमध्ये जाऊन बसायला लागले.

लोक विचारणारच. "काय आबा, घरी सावली न्हाय व्हय?"

"हाय की," आबा शांतपणे सांगायचे. "फॉरेनवरनं निघालीय म्हणं. वाटंतच हाय आजून."

हे वाक्य माझ्या आधी बारामतीला पोचलं. गावाकडची पोरं हॉस्टेलवर मला बघितलं की घड्याळात बघायची. एकदा तर एसटीत कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "आली का रं सावली?" मी म्हणालो, "नाही अजून." दुसरं काय म्हणणार!

शेवटी तिसऱ्या वर्षाला मी वर्गात हात वर केला. "सर, सदाहरित झाडांची पानं गळतात का?"

"गळतात की," सर म्हणाले. "जुनं पान गळणारच. सगळी एकदम गळत नाहीत, म्हणून झाड कायम हिरवं दिसतं. चांगला प्रश्न आहे. इतके दिवस का नाही विचारलास?"

मी खाली बसलो. त्या संध्याकाळी घरी फोन लावला आणि तात्यांना म्हणालो, आबांना द्या, मला माफी मागायचीय. पलीकडून आबांचा आवाज ऐकू आला, "राँग नंबर हाय म्हणावं."

मग मी एक गणित केलं. आज लिंबाचं रोप लावलं, तर त्याच्याखाली एक बाज मावेल एवढी सावली व्हायला सात-आठ वर्षं. आबा चौऱ्याऐंशीचे. उत्तर मी वहीत लिहिलं नाही.

यंदा उन्हाळ्यात परीक्षेचं निमित्त करून मी घरी गेलोच नाही. खरं कारण ती एसटीची शेड. गावात उतरायचं म्हणजे तिथेच उतरावं लागतं.

मागच्या आठवड्यात आईचा फोन आला. आवाज वेगळाच.

"अंकुश, तू त्या बुंध्यावर तेल वतलं हुतंस ना?"

आता आणखी काय? "नाही आई. विसरलो. डबा गोठ्यात असेल."

"बरं झालं बाबा. शेळी इकली की रं मागं. तीच खात असणार इतके दिस. आता बुंध्याला फुटवा आलाय. माझ्या गुडघ्याएवढा!"

म्हणजे या सगळ्या प्रकरणात माझ्या हातून एकच चांगली गोष्ट झाली, आणि ती आळसामुळे.

"आबांना माहितंय?" मी विचारलं.

"त्यांनीच बघितलं. चार दिस झालं, शेडात जात न्हाईत. काट्यांचं कुंपण लावलंय भोवती. तितंच बसून असत्यात, छत्री घिऊन."

"छत्री आहे ना? मग उन्हाचं बरं आहे."

"आरं सवताच्या डोक्यावर न्हाय," आई म्हणाली. "फुटव्यावर धरत्यात."

तेवढ्यात फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"कोण? कॉलेजवाला का?"

"व्हय, आबा." दोन वर्षं पाठ केलेली माफी तोंडाशी आली.

"सुट्टीला येताना पुस्तक आणू नको," आबा म्हणाले. "खराटा आण." आणि फोन ठेवला.

मी तडक बाजारात गेलो. चांगला जाड खराटा निवडला. पण आता मी शिकलोय. पैसे देण्याआधी दुकानदाराला स्पष्ट विचारलं, "काका, ह्याच्या काड्या गळतात का?"

"गळत्यात की," तो म्हणाला. "रोज थोड्या थोड्या."