वधूपक्षाच्या खोलीतली सोनिया

मी अंगणात देव घासायला बसले होते. चिंचेच्या कोळानं अन्नपूर्णा आणि गणपती लख्ख झाले होते, बाळकृष्ण नि घंटी अजून काळीच होती, तेवढ्यात गल्लीत ओरडा झाला, "नळ आला, नळ आला!" आमच्याकडं मुकुंदवाडीत नळ आठव्या-नवव्या दिवशी येतो. तो आला की देव असोत नाहीतर गॅसवरचं दूध, बाई आहे तिथं टाकून पळते. मीही पळाले. मोटार लावली, ड्रम भरले. शेजारच्या दोघीतिघींनी माझ्या अंगणातून पाइप ओढले, पोरं घागरी घेऊन आली-गेली. अर्ध्या तासानं परत येऊन बघते तर ताम्हणात बाळकृष्ण नाही.

त्या दिवशी कार्तिकातली द्वादशी होती. संध्याकाळी तुळशीचं लग्न. साऱ्या गल्लीचं मिळून एकच लग्न लागतं, ते माझ्या अंगणात. आणि नवरदेवच गायब.

ताम्हण उलटं केलं, तुळशीची कुंडी सरकवली, मोरीत बघितलं. सासूबाईंनी जाताना हातात ठेवलेला देव तो. फाटकाशी जाऊन मी दोनदा मोठ्यानं ओरडले, "माझा बाळकृष्ण कुणी पाहिला का हो?" ओरडायला नको होतं.

बाळकृष्ण कुठं होता ते तुम्हाला आधीच सांगून टाकते. समोरच्या मंगल कार्यालयात, वधूपक्षाच्या खोलीत, एका कुकरमध्ये तो मफलरीत गुंडाळून ठेवलेला होता. कुकरच्या झाकणावर दोन्ही हात दाबून सोनिया बसली होती.

सोनिया नऊ वर्षांची, चौथीतली. तिचा बाप कडुबा कार्यालयात झाडलोट करतो, लग्नसराईत पंगती वाढतो. आई मथुरा भांडी घासते. माऊली नावाचा तीन वर्षांचा भाऊ आहे. ज्येष्ठात त्यांची भाड्याची खोली गेली. मालकाला तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. दुसरी खोली मिळेना, म्हणून चौघांनी मुकुंदवाडी स्टेशनच्या फलाटावर बारा दिवस काढले. मग कार्यालयाचे मॅनेजर राजेंद्रशेठ कडुबाला म्हणाले, "आषाढी झाली. आता चार महिने लग्नं नाहीत, वधूपक्षाची खोली रिकामीच पडणार. राहा तिथं, राखणही होईल. पण तुळशीचं लग्न लागलं की खोली मोकळी. तेव्हा रडत यायचं नाही."

हे सोनियानं शब्दन् शब्द ऐकलं होतं.

त्या खोलीच्या दारावर सोनेरी अक्षरांत 'वधूपक्ष' असं लिहिलंय. आत भिंतभर आरसा, त्याच्या कडेनं दिवे. आरशाच्या काठावर नवऱ्या मुलींनी काढून चिकटवलेल्या टिकल्या आहेत. सोनियानं त्या मोजल्यात, एकेचाळीस. कार्यालयात एखादं बारसं, डोहाळजेवण असलं की चौघं गोधड्या गुंडाळून मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मोठ्या कढयांच्या आड बसायची. पाहुण्यांना दिसायचं नाही, आवाज करायचा नाही. माऊली रडायला लागला की सोनिया त्याच्या तोंडावर हात धरायची. शाळेत बाईंनी पत्ता विचारला तेव्हा तिनं सांगितलं, "मंगल कार्यालयाच्या समोर." म्हणजे माझंच घर झालं की ते.

शाळा सुटली की ती माझ्याकडं यायची. आदल्या दिवशी तुळशीवृंदावनाला गेरू लावायलाही आली होती. गेरू लावता लावता म्हणाली, "चारुताकाकू, तुळशीचं लगन लागलंच नाय तर?"

मी हसले. "मग कुणाचंच लागायचं नाही बाई. आधी तिचं, मग दुनियेचं."

सहज बोलून गेले मी. ती मात्र ब्रश हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. गेरू तिच्या पायावर ठिबकत होता.

तर नळाच्या गडबडीत सोनियानं नवरदेव उचलला. फ्रॉकच्या खिशात घालून पळत सुटली. खोलीत आली तेव्हा तिला दम लागला होता आणि बाळकृष्ण रांगता रांगता तिच्याकडं बघत होता. तिनं त्याचं तोंड मफलरीनं झाकलं. देव उपाशी राहील म्हणून गुळाचा खडा ठेवला. मग कुकरचं झाकण लावलं. तेवढ्यात माऊली शिंकला, आणि सोनियानं झाकणावर दोन्ही हात दाबले.

माझा ओरडा ऐकून राजेंद्रशेठ माझ्या फाटकाशी आले.

"काय गेलं वहिनी?"

"बाळकृष्ण. पितळेचा, एवढासा."

"ती कडुबाची पोरगी दिवसभर तुमच्याच अंगणात पडलेली असते. अजून कुठं शोधायचं?"

"अहो, लेकरू आहे, असं म्हणू नका," मी म्हणाले खरी, पण त्यांच्या मागोमाग निघालेसुद्धा. खोटं कशाला लिहू, माझ्याही मनात तेच आलं होतं.

कार्यालयाच्या पटांगणात कडुबा झाडत होता.

"कडुबा, वहिनींचा देव गेलाय. तुझी पोरगी गेली होती का तिकडं?"

"गेली असंल शेठ. रोजच जाती."

"मग बघ की तुझ्या घरात. घर कसलं, माझीच खोली म्हणा."

कडुबाचा चेहरा उतरला. "चार महिन्यांत तुमचा एक बल्ब तरी इकडचा तिकडं झाला का? आमी गरीब हाव, चोर नाय."

"मग आवाज कशाला चढवायलास?"

"चढवत नाय. झडती घ्या. माझ्या हातानंच देतो."

आणि तो खोलीतून एकेक वस्तू बाहेर आणून पटांगणात मांडायला लागला. गोधड्या झटकल्या. सोनियाचं दप्तर उलटं केलं, पेन्सिली गडगडत माझ्या पायाशी आल्या. मथुराची पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी, माऊलीचं टोपडं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं रेशन कार्ड. नळावरून परतणाऱ्या बायका फाटकाशी थांबल्या. मथुरा माऊलीला कडेवर घेऊन दारात उभी होती.

"अवो, राहू द्या ना. लोक बघायलेत."

"बघू दे. बघावं म्हणूनच काढायलो."

शेवटी सोनिया बाहेर आली, कुकर छातीशी धरून. कडुबानं हात पुढं केला.

"आण इकडं."

"त्यात भात हाय बाबा."

"भात? सकाळी तर तुझ्या मायनं भाकरी केली."

"शेजारून आणलाय."

"कोणच्या शेजारून? दे म्हणलं ना!"

तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या पायांखालची फरशी ओली व्हायला लागली होती. नऊ वर्षांची पोर, चारचौघांत उभ्या उभ्या. मला सगळं कळलं. कडुबाचे हात कुकरला लागले होते. झाकण उघडलं असतं तर तिथल्या तिथं त्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर गेलं असतं, आणि मुकुंदवाडीत पुन्हा कुणी त्यांना उंबऱ्याशी उभं केलं नसतं.

"कडुबा, थांबा," मी म्हणाले. "तो कुकर मला पाहिजे. माझ्या कुकरची शिट्टी गेलीय आणि प्रसादाला साखरभात टाकायचाय. सोनिया, तूच घेऊन चल. उघडू नको, असू दे तुझा भात त्यात."

राजेंद्रशेठ माझ्याकडं बघतच राहिले. "आणि देव?"

"देव माझ्याच माणसांत आहे. कुठं ठेवला ते मीच विसरले. कडुबा, माझं चुकलं. मथुरा, तुझीही माफी मागते."

"घ्या! म्हणजे वाईट आम्हीच झालो," राजेंद्रशेठ म्हणाले.

"तुम्ही नाही हो, मी झाले," म्हणून मी सोनियाचा खांदा धरला.

द्वादशीच्या दिवशी चारचौघांसमोर मी कुकरवरून खोटं बोलले. माझ्या कुकरची शिट्टी चांगली धडधाकट आहे. देवाला जे वाटेल ते वाटो.

घरी आल्यावर दाराला कडी लावली. तिचे पाय धुतले, भाचीचा जुना परकर दिला. तिनं स्वतःच कुकर उघडला. मफलरीला मुंग्या लागल्या होत्या.

"काकू, त्याला राग आला आसंल का?"

"कशाचा?"

"माऊली शिंकला तवा मला वाटलं, सुरू झालं."

"काय सुरू झालं?"

"शाप."

मी तिला जवळ ओढलं. "का नेलास गं त्याला?"

"लगन लागलं नसतं म्हणून. मग मुहूर्त नसते निघाले. मग खोली कुणालाच लागली नसती."

"अगं वेडे, माझ्या अंगणात नाही लागलं तरी गावभर तुळशी आहेत. सगळीकडं लागतंच."

"गावभर?"

"हो."

"पाचोडला पण? सिल्लोडला पण?"

"सगळीकडं."

तिनं मफलरीवरच्या मुंग्या झटकल्या. "मग मला जमलंच नसतं," ती म्हणाली. "एवढे देव कुठं ठेवणार?"

मला हसू आलं, आणि ते हसू अर्ध्यातच राहिलं. कारण ती पुढं विचारत होती, "पुन्हा ठेसनात जायचं का?"

"तिथं काय होतं गं?"

"एक माणूस रोज यायचा. माऊलीला बिस्किट द्यायचा. आई त्याला खाऊ द्यायची नाय. झोपताना माऊलीचा पाय दोरीनं आपल्या पायाला बांधायची. मग झोपायचीच नाय."

इतके दिवस ही पोर माझ्या पायरीवर बसून चिवडा खात होती, आणि यातलं मला काही माहीत नव्हतं.

संध्याकाळी लग्न लागलं. उसाचा मांडव, चिंचा, आवळे, हिरव्या बांगड्या, सगळं दरवर्षीसारखं. अंतरपाटाचं एक टोक मी सोनियाकडं दिलं. मंगलाष्टकं चालली होती तोवर तिनं ते दोन्ही मुठींत घट्ट धरलं होतं. शेवटी 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, पोरांनी फटाके लावले. सगळी तुळशीकडं बघत होती. सोनिया मागं वळून कार्यालयाकडं बघत होती. तिथं राजेंद्रशेठचा वायरमन वधूपक्षाच्या आरशाचे दिवे लावून तपासत होता. एकेक दिवा पेटत होता.

प्रसाद घ्यायला राजेंद्रशेठ आले आणि बत्तासा तोंडात टाकता टाकता कडुबाला म्हणाले, "परवा पहिलं लग्न आहे. उद्या दिवस मावळायच्या आत खोली धुऊन पाहिजे." कडुबानं मान हलवली. त्याची नजर जमिनीवरून उठली नाही.

मंडळी पांगल्यावर मथुरा अंगणातल्या लाह्या गोळा करत होती. मी तिच्याजवळ बसले.

"कुठं जाणार गं?"

"हे म्हणत्यात, लेकरांना पाचोडला आत्याकडं ठिवू. तिची माणसं दारू पेत्यात काकू. मी नाय ठिवायची." तिनं लाह्या सुपात टाकल्या. "इथंच मुकुंदवाडीत गिरणीवाल्या यमुनाबाईंची मागची खोली रिकामी हाय. दोनदा गेलते. म्हणल्या, वळखीचं माणूस आण. कुठं राहतीस म्हणल्या. मी म्हणलं कार्यालयात. तर हसल्या, म्हणल्या, कार्यालयात कोण राहतं का?"

"मग माझं नाव का नाही सांगितलंस?"

मथुरानं पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं. "तुमचं नाव कसं सांगावं? तुमी तर कधी इचारलं नाय, कुठं जाणार म्हणून."

यमुनाबाई एकादशीच्या भजनाला माझ्या शेजारीच बसतात. बाई कडक आहे. घाई केली तर नाहीच म्हणेल. पटांगणातली गोष्ट तिच्या कानावर गेली असेल तर उंबऱ्यावरूनच परत पाठवील.

सोनिया वृंदावनापाशी उभी राहून ऐकत होती.

"नाय म्हणल्या तर काकू?"

मी मथुराला म्हणाले, "उद्या मी येते तुझ्याबरोबर."

उद्या सकाळी साडेआठला, गिरणी सुरू व्हायच्या आत, मथुरा आणि मी यमुनाबाईंकडं मागची खोली विचारायला जाणार आहोत.