रविवारी सुई न धरणाऱ्या बाई

ऐंशीच्या दशकात मी बी.ए. होऊन गावाहून अंधेरीला आलो. चर्चच्या गल्लीत एक ख्रिस्ती बाई कपडे शिवून विकत. सगळा नफा अनाथाश्रमाला जाई. सोमवारी माझी पहिली मुलाखत होती आणि त्यांच्याकडून आणलेली पॅन्ट लांब निघाली. रविवारी त्या चर्चमधल्या मिस्साच्या प्रार्थनेहून परतल्या, तेव्हा मी त्यांच्या दारात येरझारा घालत होतो.

“आंटी, खाली दुमडून फक्त टाके घालायचेत.”

“आज देवाचा वार. मी सुईला हात नाय लावत. तू घाल ना रे!”

सुईदोरा माझ्या हातात देऊन त्या समोर उभ्या राहिल्या. टाका वाकडा गेला की त्यांचे हात आपोआप पुढे येत. मग त्या ते पाठीमागे घट्ट धरत.

“बारीक घाल! बैल बांधतोस काय?”

माझ्यापेक्षा त्यांचीच तगमग जास्त होती.

शेवटी पॅन्ट निरखून त्या म्हणाल्या, “साहेब तोंडाकडे बघतो, पायाकडे नाय. नोकरी लागली की शर्ट इथेच शिवून घे. पोरं जेवतात त्यावर.”

नोकरी लागली. पहिल्या शर्टाचं माप द्यायला मी मुद्दाम रविवार टाळून शनिवारी गेलो, त्यांचे हात मोकळे असतील तेव्हा.