पाण्याचा दात

गोदीत त्याला सगळे कासव म्हणत, कारण पाण्याखाली तो कधी घाई करत नसे. काम पाणबुड्याचं. जहाजाच्या पंख्यात अडकलेले दोर कापायचे, बुडाला चिकटलेले शिंपले खरवडायचे, गोदीच्या दरवाजाखाली काय अडलंय ते हाताने चाचपून बघायचं. वर बोटीत त्याचा मेहुणा त्याच्या कमरेची दोरी धरून बसे. खाली कासवाचा जीव दोनच गोष्टींवर होता, मेहुण्याच्या हातावर आणि स्वतःच्या दातांवर. हवेच्या नळीच्या टोकाला जे रबर असतं, त्याचे दोन कान दोन्ही बाजूंच्या दातांत घट्ट धरावे लागतात.

त्यातलाच एक दात या शहाण्याने आपल्या हाताने घालवला. ओल्या दोराची गाठ सुटेना, म्हणून दातांनी ओढली. वरचा, डावीकडचा, सुळ्यामागचा दुसरा दात मुळापर्यंत तडकला आणि काढावा लागला.

"कासवाला मुळात दात नसतातच," मेहुणा म्हणाला.

कासव हसला नाही. रबर डावीकडून ढिलं बसू लागलं होतं आणि प्रत्येक श्वासाबरोबर खारं पाणी तोंडात येत होतं. मुकादमाने त्याला किनाऱ्यावर हवेच्या टाक्या भरायला बसवलं. अर्धं आयुष्य पाण्यात काढलेला माणूस शेडमध्ये पाण्याकडे पाठ करून बसू लागला. बायकोला ते बघवेना. तिनेच त्याला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी एक्स-रे उजेडासमोर धरला. "इथे वर सायनसची पोकळी आहे आणि तिच्याखाली हाड थोडंच उरलंय. नेहमीचा लांब इम्प्लांट बसवायचा तर पोकळीचा तळ उचलून हाड भरावं लागेल. मग बरेच महिने पाणी बंद. खोल पाण्यातला दाब त्या जागेला लगेच सोसायचा नाही."

"दुसरं काही?"

"आखूड इम्प्लांट. आहे त्या हाडात बसेल, पोकळीला हात लावायला नको." त्यांनी तळहातावर एक स्क्रू ठेवून दाखवला. संत्र्याच्या बीएवढा असेल.

"एवढ्याशावर जीव टांगू मी?"

"हाडात नीट रुजला तर वर्षानुवर्षं टिकतो. पण रोज नीट घासायचं आणि दर वर्षी मला दाखवायचं."

स्क्रू बसला, रुजला, काही महिन्यांनी त्यावर दात चढला. पहिल्या बुडीला मेहुण्याने दोरी दोन्ही हातांनी धरली होती. कासव वर आला तो तोंडातलं रबर काढायच्या आधीच हसत. एक थेंब आत आला नव्हता.

त्या दिवसापासून तो दात त्याने तळहातावरच्या फोडासारखा जपला. घासायचा तर असा की बायको म्हणे, भांडी घासा ना कधी अशी. दर वर्षी डॉक्टरीणबाई जुना आणि नवा एक्स-रे शेजारी लावून दाखवत. हाडाची रेघ जागच्या जागी असे. पण जेवायला बसला की गडी प्रत्येक घास उजवीकडे ढकलायचा. नव्या दाताने चावताना किती जोर लागतोय ते आतून कळत नाही, म्हणून भीती वाटते, असं त्याचं म्हणणं. नवव्या वर्षी बायकोने बिंग फोडलं.

"डॉक्टर, ह्यांनी त्या दाताने अजून केळंसुद्धा चावलेलं नाही."

बाई बघतच राहिल्या. "आणि मी येईल त्याला तुमचं उदाहरण देते." मग त्यांनी उजवी बाजू तपासली. तिथली दाढ एकटीच राबून झिजली होती, तिला बारीक तडाही गेला होता. "अशाने ही जाईल."

"जाऊ दे. ती खाण्याची दाढ आहे. हा पाण्याचा दात. हा गेला तर मी पुन्हा टाक्या भरायला."

माणूस चुकत होता, पण त्याची भीती खोटी नव्हती.

पुढच्या वर्षी जहाजं ओढणाऱ्या एका टगबोटीच्या पंख्याला जाड दोर गुंडाळला गेला. कासव खाली तो कापत असताना एक मोठं जहाज न सांगता अगदी जवळून गेलं. पाणी उसळलं, हवेची नळी पंख्याच्या पात्यात अडकली आणि तिला असा हिसका बसला की कासवाची मान फिरली. डोळ्यांवरची काच सरकली, रबराचा उजवा कान फाटून गेला. आता नळी फक्त डावीकडच्या दातांत होती. होता नव्हता तेवढा जोर त्याने त्या बाजूला दिला, चाचपडत नळी सोडवली आणि दोरीला झटके दिले.

बोटीत घेतल्यावर त्याचा जबडा उघडेना. दातखीळच बसली होती. शेवटी रबर बाहेर आलं तेव्हा उरलेल्या डाव्या कानावर त्या दाताचा खोल ठसा होता. मेहुण्याने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि कधी नव्हे ते त्याला काही विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी एक्स-रे निघेपर्यंत कासवाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाईंनी पहिल्या वर्षीचा एक्स-रे शेजारी लावला. "तसूभरही हललेला नाही," त्या म्हणाल्या.

रात्री मेहुणा जेवायला आला. कासव हातवारे करून तीच हकीकत पुन्हा रंगवत होता. जहाज किती मोठं, पाणी कसं उसळलं. बोलता बोलता त्याने ताटातलं कच्चं गाजर उचललं आणि कचकन चावलं. मेहुण्याचा हात ताटातच थांबला. बायको वाढता वाढता तशीच उभी राहिली.

"काय झालं?" कासवाने विचारलं. गाजर डाव्या गालात होतं.

"काही नाही," बायको म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "जेवा तुम्ही."

मग त्याच्या ध्यानात आलं. तो क्षणभर थांबला. पण घास उजवीकडे सरकवला नाही. सावकाश, आपल्या कासवाच्या चालीने चावून तो गिळला.

"अजून एक दे."

"कुठल्या बाजूसाठी?" मेहुण्याला अखेर जीभ फुटली.

गोष्ट अर्धवट टाकून, डोळे मिटून, कासवाने ते दुसरं गाजर शेवटच्या तुकड्यापर्यंत डावीकडेच खाल्लं.