चुकीच्या टेबलावरची शार्डोने

दिनांक ९ मार्च, सकाळी साडेअकरा. आपल्या द्राक्ष उत्पादक संघाच्या वार्षिक परीक्षणात माझ्या थोरल्या भावाची शार्डोने चौथ्या टेबलावर, लाकडी पिंपातल्या वाइनमध्ये मांडण्यात आली. तिची जागा दुसऱ्या टेबलावर, स्टीलच्या टाकीतल्या वाइनमध्ये होती. संघाच्या इतिवृत्तात याचा उल्लेख नाही, म्हणून मी येथे नोंदवत आहे.

दादा बत्तीस वर्षे संघाच्या तळघरात राबतो आहे. कामगार त्याला 'लिंबूनाना' म्हणतात, कारण थंड उतारावरच्या द्राक्षांची त्याची वाइन जिभेला आधी चावते. शार्डोने हे पांढरे द्राक्ष मुळात अबोल. जिथे वाढेल तिथली बोली उचलणारे. भरपूर ऊन मिळाले आणि ओकच्या लाकडी पिंपात मुरले, की लोण्याची, व्हॅनिलाची चव धरते. थंडीत पिकून स्टीलच्या टाकीत राहिले, की हिरवे सफरचंद, लिंबाची साल, ओला दगड. दोन्ही खऱ्याच. संघाच्या उतारावरच्या अकराशे वेली दादाने स्वतः लावल्या. टाकीवर दर हंगामात तो खडूने लिहितो: 'लाकूड नको.'

आजवर ही वाइन संघाच्या मिश्रणात मुकाट ओतली जाई. यंदा कार्यकारी मंडळाने बजावले, की ती परीक्षणात उत्तीर्ण झाली तरच उतारावरच्या वेली राहतील. म्हणून प्रवेशपत्र मी भरले आणि 'स्टीलची टाकी' असे ठळक लिहिले. मांडणी करणाऱ्या कारकुनाने बाटलीवरचे नाव तेवढे वाचले.

"अहो, ही पिंपातली नाही," दादा म्हणाला.

"नाना, शार्डोने म्हणजे पिंपातलीच. दुसरी कधी आलीय का इथं?"

"आत्ता आलीय ना! तुमच्यासमोर उभी आहे."

"मग एका बाटलीसाठी अख्खी मांडणी मोडू? परीक्षक बसलेत, नाना. जाऊ द्या."

आणि दादाने जाऊ दिले. त्याचा राग मला कारकुनाइतकाच आहे. लोण्यासारख्या सात वाइननंतर परीक्षकांनी त्याची चाखली आणि शेरा मारला: 'पातळ. अपुरी. लाकडाचा मागमूस नाही.' विजारीला बाह्या नाहीत म्हणून शिंप्याला नापास करावे, तसा हा न्याय!

दोन एप्रिलला त्या वेली कापून खुंटांवर दुसऱ्या जातीचे कलम बांधायचे, असे मंडळाने ठरवले आहे. माझ्या तीन पत्रांना एकच उत्तर आले: 'परीक्षकांचा निर्णय अंतिम.' टेबल कोणी ठरवले, हे मी विचारले होते.

दादा अजून रोज सकाळी उतारावर जातो. काल मी विचारले, "काय करतोस रे तिथे?"

"तारा ताणतोय."

"कापणारच आहेत ना त्या वेली?"

"म्हणून काय आतापासून लोंबकळत ठेवू?"

सभासदांनो, सहा बाटल्या शिल्लक आहेत. पंचवीस मार्चच्या सभेत त्या दुसऱ्या टेबलावर मांडून पुन्हा परीक्षण व्हावे आणि तोवर वेलींना करवत लागू नये. ठरावाला दहा सह्या लागतात. एक माझी आहे. उरलेल्या नऊ तुम्ही द्या.