समितीतलं बाहेरचं माणूस

माझी मावशी कपडे अल्टर करते. चेन बदलणं, कंबर सैल करणं, वाढत्या पोरांच्या पॅन्टचे पाय उसवून लांब करणं, असली कामं. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक आत आलं की तिला स्टूल मागे सरकवावं लागतं. अशा बाईला मोठ्या इस्पितळाने औषधांच्या समितीवर घेतलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो. "आता औषधांचीही कंबर सैल करणार का गं, ताई?" असं आई तिला चिडवायची.

काम मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. नवं औषध माणसांवर करून बघायचं तर आधी ही समिती परवानगी देते. तिच्यात डॉक्टरांच्या जोडीला दोन माणसं बाहेरची लागतात, इस्पितळाशी आणि औषध कंपनीशी काडीचा संबंध नसलेली. एक वकील होते आणि एक मावशी. दोघांपैकी एकजण तरी खोलीत नसेल तर निर्णयच होत नाही. पेशंटकडून सही घेतात तो कागद साध्या माणसाला कळतो का, एवढं मावशी बघायची. न कळलेल्या ओळीखाली रेघ ओढायची आणि विचारायला लाजायची नाही.

मग आईची फुप्फुसं आखडायला लागली. जिना चढताना ती मधेच थांबायची आणि चपलेत काहीतरी अडकल्याचं नाटक करायची. तिचे डॉक्टर म्हणाले, "नवं औषध येतंय. मंगळवारी समितीची बैठक आहे. मंजुरी मिळाली की तुमचं नाव घालतो. उशीर मात्र परवडणार नाही. श्वास ठरावीक मर्यादेच्या खाली गेला की ट्रायलमध्ये घेत नाहीत."

आईने हे मावशीला हौसेने सांगितलं. मावशीच्या हातातला कप तिथेच थबकला. ती काय करणार ते माझ्या लक्षात आलं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मी दुकानात गेले. "उद्या तू काही बोलणार नाहीयेस," मी म्हटलं.

"सख्खी बहीण आहे. सांगावं लागतं, आणि सांगून बाहेर बसावं लागतं." मावशी सुईत दोरा ओवत होती. "त्यात वकील पाय मोडून घरी पडलेत. मी उठले की विषय पुढच्या महिन्यावर."

"मग उठू नकोस ना! कोण विचारतंय तुला?"

"विचारतात. दर बैठकीला सुरुवातीलाच विचारतात, कुणाचं यात काही गुंतलंय का म्हणून."

"आणि सगळे माना हलवतात. तूही हलव!"

तिने दोऱ्याचं टोक ओलं केलं. दोरा सुईत जात नव्हता. माझं डोकं फिरलं. "तत्त्वं तुझी आणि जीव माझ्या आईचा," असं तोंडावर फेकून मी निघाले.

तरी दुसऱ्या दिवशी स्कूटरवरून तिला नेलं मीच. बाहेरच्या बाकावर बसून मी बंद दाराकडे बघत होते. आत चहा गेला, बिस्किटं गेली. गप्प बस, मावशी, एवढंच मनात घोकत होते. दार उघडलं ते फारच लवकर. पर्स छातीशी धरून मावशी बाहेर आली आणि माझ्यापासून जरा अंतर ठेवून बसली.

"अध्यक्षांनी फार समजावलं," ती म्हणाली. "म्हणाले, बाई, तुमच्या बहिणीचं नाव अजून ट्रायलमध्ये नाहीच. आजच्या घडीला तुमचा संबंध येत नाही."

"मग?"

"मी म्हटलं, साहेब, नाव उद्या येईल. बहीण ती आजच आहे."

तो महिना मी भिंतीला कान लावून काढला. आईचा खोकला थांबला की जास्त भीती वाटायची. पुढच्या बैठकीला वकील कुबड्या घेऊन आले, मावशी बाहेर बसली, औषधाला मंजुरी मिळाली. लगेच आईला तपासणीला बोलावलं. नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायचं होतं. मशीनवरच्या बाईने तिला पुन्हा फुंकायला लावलं, मग आणखी एकदा, आणि दर वेळी त्या बाईचा आवाज जास्त मऊ होत गेला.

"थोडक्यात हुकलं हो," ती शेवटी म्हणाली.

बाहेर येऊन मी बाकावर थांबलेल्या मावशीकडे वळले. "झालं समाधान?"

"नाही," मावशी म्हणाली. 

आई खुर्चीत बसून दम खात होती. "ताई, खरं सांग. औषध चांगलं होतं का गं?"

"मला नाही माहीत." मावशी तिच्यासमोर खाली बसली. "बैठकीआधी कागद घरी आला होता. काय काय त्रास होऊ शकतो ते पान आलं की मी उलटायचे. परत वाचायला घ्यायचे, परत उलटायचे. मला तू बरी झालेलीच दिसायचीस."

आई बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. "म्हणजे दुसऱ्या कुणाची बहीण... तू उलटलेल्या पानावर फसली असती," ती म्हणाली आणि मावशीच्या खांद्यावर हात ठेवला. "बाहेर बसलीस... ते बरं केलंस."

आईला पटलं. मला अजून पटलेलं नाही, आणि आईची धाप ऐकू आली की मग तर मुळीच पटत नाही. पण कधी माझ्यावरच अशी वेळ आली, तर माझा कागद मावशीनेच वाचावा, आणि मी तिची कुणीच नसावं.