नववा प्रश्न

नाटकातला तो जूनियर वकील मी नालायक म्हणूनच लिहिला होता. हे आधी सांगते, कारण मी त्याची बाजू घेतली असं अजूनही लोक म्हणतात.

मी इंदूरच्या कोर्टात स्टेनो आहे. दिवसभर दुसऱ्यांचं बोलणं टाइप करते. त्यातूनच नाटक सुचलं. एक म्हातारा वकील एका गरीब पोराला जूनियर म्हणून घेतो, कायदा शिकवतो, पहिला काळा कोट शिवून देतो. पुढे तोच जूनियर म्हाताऱ्यावर खोटं मृत्युपत्र केल्याचा आरोप रचतो आणि भर कोर्टात त्याची उलटतपासणी घेतो. आरोप बनावट, कागद बनावट. नऊ प्रश्न. आठ मृत्युपत्राबद्दल, आणि नववा कशाशीच संबंध नसलेला: ‘माझी पहिली केस हरणारच, हे तुम्हाला ठाऊक होतं. मग ती मलाच का दिलीत?’ म्हातारा गप्प राहतो. पडदा.

नाटक मी सरांना दिलं. दुसऱ्या कुणाला देण्याचा प्रश्नच नव्हता. सर आमच्या हौशी ग्रुपचे दिग्दर्शक, रिटायर्ड मास्तर. मी सतराव्या वर्षी त्यांच्याकडे गेले तेव्हा मला ‘ळ’ म्हणता येत नव्हता. आमच्या घरात सगळे ‘शाला’ आणि ‘बाल’ म्हणायचे. सरांनी महिनाभर मला समोर बसवून तो एक ‘ळ’ घोटून घेतला. मला मराठी त्यांनी दिली, हे मी आजही नाकारत नाही. त्यानंतर बावीस वर्षं त्यांनी मला प्रॉम्प्टर ठेवलं, हेही नाकारत नाही. ‘तुझा आवाज विंगेतला आहे, स्टेजचा नाही,’ म्हणायचे. मी मान डोलवायची.

सरांनी नाटक वाचलं. ‘बरं आहे, स्पर्धेला करूया,’ म्हणाले. म्हाताऱ्या वकिलाचं काम स्वतःकडे घेतलं. तालमी सुरू झाल्या, आणि तेवढ्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन आलं. मी दोन आठवडे गेले नाही.

खलनायकाचं, म्हणजे जूनियरचं, काम करणारा पोलोग्राउंडच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होता. महूचा, घरात तीन पिढ्या फौजेतल्या. तो एका दुपारी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आला आणि माझ्यापुढे संहिता ठेवली.

‘ताई, तुम्ही देखलं क्या हे? लास्टचा सीन पूरा बदललाय.’

मी पानं उलटली. नववा प्रश्न लाल पेनाने कापला होता. बाकी आठांना म्हातारा सडेतोड उत्तरं देत होता. जूनियर आता दारुडा झाला होता. शेवटी तो सरांच्या, म्हणजे म्हाताऱ्याच्या, पायांवर पडून रडत होता. अक्षर सरांचं. पहिल्या पानावर ‘लेखन’ या शब्दापुढे माझ्या नावाआधी त्यांचं नाव.

‘तुम्हाला पूछा नव्हतं?’ त्याने विचारलं.

मी नाही म्हणाले. आईच्या डोळ्यांत औषध टाकायची वेळ झाली होती, ती मी विसरले.

संध्याकाळी तालमीच्या हॉलवर गेले. सर खुर्चीत बसून चहा पीत होते.

‘सर, हे काय केलंत?’

‘सुधारलं. लोक खलनायक बघायला येतात, त्याचं गाऱ्हाणं ऐकायला नाही.’

‘तो हलकट आहे, मला माहीत आहे. मीच लिहिलाय त्याला. पण नववा प्रश्न तो खोटा विचारत नाही.’

‘गुरूला असं विचारत नाहीत.’

‘नाटकात सुद्धा?’

सरांनी कप खाली ठेवला. ‘हे तू कुणाबद्दल लिहिलंस ते मला कळतं. मूर्ख नाही मी. तुला ‘ळ’ कुणी शिकवला, ते विसरू नकोस.’

मी खरंच सांगते, लिहिताना सर माझ्या डोक्यात नव्हते. त्यांनी स्वतःहून स्वतःला त्या पिंजऱ्यात उभं पाहिलं होतं. आणि ते बोलले तेव्हाच पहिल्यांदा मला बावीस वर्षांची विंग दिसली. कुणाकुणाला माझ्यापुढे काम दिलं, कुणाची वाक्यं मी अंधारातून पुरवली, सगळं. भयंकर राग आला. मी संहिता उचलली आणि निघाले.

बाहेर तो महूचा उभा होता. ‘प्रयोगाला मी तुमचं वालंच बोलतो,’ तो म्हणाला. ‘तुम्ही फक्त हो बोला.’

मी हो म्हणाले. विचार करायला वेळ घेतला नाही. घ्यायचाही नव्हता.

स्पर्धेच्या दिवशी मी नेहमीसारखी विंगेत, हातात सरांचीच संहिता. आठ प्रश्न झाले, सरांची उत्तरं झाली, टाळ्या पडल्या. आता त्याने पायांवर पडायचं होतं. तो पडला नाही. एक पाऊल पुढे आला आणि शांतपणे नववा प्रश्न विचारला.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नट अडला की प्रॉम्प्टरकडे पाहतो, तसं. माझ्याकडे द्यायला वाक्य नव्हतं, आणि असतं तरी मी दिलं नसतं. सरांचे ओठ हलले. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. मी पडदा टाकायची खूण केली.

सरांना अभिनयाचं पहिलं बक्षीस मिळालं. परीक्षकांनी त्या शांततेचं खास कौतुक केलं. सर माइकसमोर गेले आणि म्हणाले, ‘शेवटचं ते मौन मी तालमीत फार विचार करून बसवलं.’

मी चौथ्या रांगेत होते. शेजारच्या काकू माझ्या हातावर थाप मारून म्हणाल्या, ‘भाग्य लागतं असे गुरू मिळायला.’

ग्रुपला आतली गोष्ट नंतर कळली. सत्तरीच्या माणसाला भर स्टेजवर फसवलं, म्हणून निम्म्या लोकांनी माझ्याशी बोलणं सोडलं. फसवलं, हे खरंच आहे. सर मात्र कुणाजवळ एक शब्द बोलले नाहीत, आणि मला त्याचाही राग येतो. रागावले असते, घरी येऊन ओरडले असते, तर मी त्यांना काहीतरी विचारू शकले असते.

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरच्या एका मंडळाचा फोन आला. त्यांना नाटक करायचं होतं. नंबर सरांनीच दिला होता. ‘परवानगी लेखिकेकडून घ्या, असं ते म्हणाले,’ पलीकडची बाई म्हणाली. ‘मौन कसं घ्यायचं ते मात्र स्वतः येऊन दाखवणार आहेत.’

‘परवानगी देते,’ मी म्हणाले. ‘त्यांना बोलवू नका.’

ती म्हणाली, ‘अहो, पण तुमचे गुरू ना ते?’

‘हो,’ म्हणाले, आणि संहिता पाठवायला तिचा पत्ता लिहून घेतला.