राक्षसवाली

बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं, तसं ती माणसाचं तोंड बघायची. पहिल्यांदा जिन्यात भेटली तेव्हा नमस्काराच्या आधीच म्हणाली, "आजोबा, तुमचं नाक मला द्याल का? राजासाठी हवंय." सांगलीची पोरगी. इथे जर्मनीत, आखनला, इंजिनांवर डॉक्टरेट करायला आली होती, आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. पण जीव सगळा चित्रांच्या एका जाड पुस्तकात. ते ती स्वतःच काढत होती. किल्ले, राजे, शिंगांचे राक्षस. मी तिचं नावच राक्षसवाली ठेवलं.

मी चौथीतून शाळा सोडलेला, पण चित्र बघायला शाळा लागत नाही. तिची पानं बघून डोकंच फिरलं. एका पानावर राक्षस गाव जाळतो, पुढच्या पानावर त्याच गावच्या म्हातारीला पाठीवर घेऊन नदी ओलांडतो. राजा देवळात दिवा लावतो आणि बाहेर येऊन सख्ख्या भावाला विहिरीत ढकलतो.

"यात चांगला कोण?" मी विचारलं.

"आल्झो, ते मलाही अजून माहीत नाही." इथल्या लोकांसारखं बोलण्याआधी ती ते 'आल्झो' लावायची.

"मग बघणाऱ्याने टाळ्या कोणाला द्यायच्या?"

तिने शाईची बोटं कपाळाला पुसली आणि पुढचं पान काढायला घेतलं.

मुलगा ऑफिसला गेला की ती आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसायची. "हलू नका" म्हणायची आणि काढत राहायची. मी न हलता बोलायचो. बायको गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं, मग छातीचं ऑपरेशन झालं, वाकणं बंद झालं, आणि परत जायचा विषयच संपला. "गावी तुमच्याकडे बघणार कोण, अप्पा?" पासपोर्ट त्याच्या कपाटात. दाराला कुलूप नव्हतं, पण बाहेर पडून बोलायचं कोणाशी? रोज जेवताना मी एकच विचारायचो, "तिकीट काढलंस?" तो भात कालवत राहायचा.

एक दिवस मी तिला म्हटलं, "राजा मीच ना? मग त्याला बुरुजात कोंडणारा राक्षस माझ्या मुलासारखा काढ. शिंगं चांगली मोठी काढ."

काढली. हातभर शिंगं. पण तो राक्षस राजापुढे गुडघे टेकून त्याच्या पायात मोजे चढवत होता.

मी भडकलो. "राक्षस कधी कोणाला मोजे घालतो का गं?"

"सकाळी जिना उतरताना तुमच्या दारातून बघते, तेच काढलं, आजोबा."

आठवडाभर तिला चहा विचारला नाही. ती आपली यायची, स्वतःच करायची आणि अर्धा माझ्यापुढे ठेवायची.

त्या उन्हाळ्यात खिडक्याखिडक्यांत फुटबॉलचे झेंडे लागले होते. त्याच दिवसांत तिचं संशोधन थांबलं, व्हिसा वाढेना. तिला इथंच राहायचं होतं. घरी गेलं की लग्न, आणि राक्षस बंद, हे तिला ठाऊक होतं. जिन्यात बॅग टेकवून म्हणाली, "आजोबा, अदलाबदल करू या? माझ्या तिकिटावर तुम्ही जा." दोघांपैकी कोणी हसलं नाही. मोज्यांचं पान माझ्या हातात दिलं आणि गेली. पुस्तक पुरं झालं की नाही, कळलं नाही.

संध्याकाळी मुलाने ते पान टेबलावर बघितलं.

"अप्पा, हा मी का?"

"राक्षस आहे तो."

त्याने पान उचलून दिव्याखाली धरलं. "दमलेला दिसतोय," म्हणाला. मग माझे मोजे घेऊन खाली बसला.

त्या दिवशी जेवताना मी तिकिटाचं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी विचारलं.